सदरची कॉन्व्हेंट इंग्रजांनी नाही बांधली बरं का

आपल्या नागपुरात लहानपणापासून ऐकत आलोय की सदर भागातली कॉन्व्हेंट, तिथल्या कमानी, सगळं इंग्रजांचं. नाही हो! ही कॉन्व्हेंट कॅथलिकांची. इंग्रजांचा पंथ अँग्लिकन, म्हणजे वेगळा, त्यांचं चर्च ऑल सेंट्स, तेही सदरमध्येच, म्हणून घोळ झाला असावा.

कॅथलिक मिशनवाले फादर आले आनसीहून, म्हणजे सवॉय प्रांतातून, १८४६ ला विशाखापट्टणमला पोहोचले अन् तिथून इकडे, आणि गंमत म्हणजे तेव्हा सवॉय फ्रान्समध्येही नव्हतं, ते १८६० ला गेलं. नागपूरचं राज्यही भोसल्यांचंच होतं, ते १८५४ ला खालसा झालं. अन् ही कॉन्व्हेंट ज्यांची, त्या सेंट जोसेफच्या सिस्टर्सचा संघही फ्रान्समधल्या ल पुईचा, १६५० चा.

अन् टोकदार कमान दिसली की लोक लगेच ब्रिटिश म्हणतात. ती गॉथिक शैली बाराव्या शतकात पॅरिसजवळ सुरू झाली, इंग्लंडात नंतर गेली. पण जुन्या इमारतींचे खोल व्हरांडे, जाड भिंती, उंच छतं बघा, ती इथल्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हासाठी आहेत, मे महिन्यात अशा व्हरांड्यात उभं राहिलं की लगेच कळतं. मला तर कमानींपेक्षा ते व्हरांडेच जास्त जपावेसे वाटतात.