घोड्याचे खूर फुटणे

घोड्याच्या खुराची भिंत कोरडी, ठिसूळ होऊन तिला चिरा जाणे म्हणजे खूर फुटणे. मराठवाड्यात चिरा दिसतात चैत्र-वैशाखात, म्हणून दोष उन्हाला दिला जातो आणि मालक तेलाची बाटली शोधतो. बिघाडाची सुरुवात मात्र बहुतेक वेळा आधीच्या पावसाळ्यात झालेली असते.

खूर आपल्या नखासारखाच केराटिनचा बनलेला असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ पडतो; वाळला की आवळतो. गोदाकाठची काळी जमीन आषाढात फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढी भेगाळते, तसाच हा प्रकार. सतत कोरड्या मुरमाड जमिनीवर वावरणाऱ्या घोड्याचा खूर सहसा टणक राहतो. सकाळी चिखलात, दुपारी कोरड्यात, रात्री मूत-लिदीच्या ओलीत उभ्या राहणाऱ्या घोड्याचा खूर आधी फुटतो. मूत्रातून सुटणारा अमोनिया केराटिनला कमजोर करतो, म्हणून बांधायची जागा कोरडी ठेवणे हाच पहिला उपचार होय. उन्हाळ्यात खूर 'तहानलेला' आहे असे समजून रोज पाण्याने भिजवणारेही आहेत. माया खरी असते, पण त्याने नुकसानच होते. निरोगी भिंतीत सुमारे २५ टक्के पाणी असते, तळव्यात ३३ आणि तळव्याच्या मधल्या लवचिक त्रिकोणात, म्हणजे पुतळीत, सुमारे ५० टक्के. हा ओलावा मुख्यतः आतून, रक्तपुरवठ्यातून येतो.

चीर कुठून निघाली हे नीट बघावे. जमिनीकडून वर चढणारी बारीक चीर बहुधा वाढलेल्या खुराची असते. पुढचे टोक लांबले की प्रत्येक पावलाला ते भिंतीला बाहेर ओढते आणि भिंत उभी उकलते. अशा वेळी बरे करणारा माणूस म्हणजे नालबंद. तो पाय मांडीवर घेतो, तळव्यातली माती खरडून काढतो, सुटलेली कड वाकड्या चाकूने तासतो आणि कानशीने टोक गोल करतो. चिरेवरचा भार तिथेच कमी होतो. हे काम दर सहा ते आठ आठवड्यांनी झाले पाहिजे. नाल मारलेल्या घोड्यालाही हाच नियम लागू आहे, कारण नाल शाबूत असली तरी आत खूर वाढतच असतो, आणि ढिल्या खिळ्यांची भोके रुंदावून तिथूनच नवी चीर निघते. टांगे गेले तसे नालबंदही कमी झाले. वरातीला, डांबरी रस्त्यावर नाचवल्या जाणाऱ्या घोड्यांचे हाल यामुळेच अधिक होतात.

केस संपून खूर सुरू होतो त्या कडेपासून खाली येणारी चीर गंभीर असते. खूर तिथेच तयार होतो. तिथे जखम झाली तर पुढची वाढही चिरलेलीच येऊ शकते. चिरेतून रक्त किंवा पू येणे, खूर गरम लागणे, घोडा लंगडणे, यांपैकी काहीही दिसले तर पशुवैद्याला बोलवावे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून त्याची लस चुकवू नये. पुतळीतून काळा, दुर्गंधीचा स्राव येत असेल तर तो कोरडेपणा नसून कुजण्याचा रोग आहे. त्यावर तेल चोपडले तर ओल आतच कोंडते.

तेलाला जागा आहे, पण छोटी. जवसाचे किंवा करडईचे तेल मेणात घोटून धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या भिंतीवर आठवड्यातून एक-दोनदा लावले तर आतला ओलावा उडण्याचा वेग मंदावतो. त्याने चीर सांधत नाही. गाडीचे जळके ऑइल आणि रॉकेल खुराला कधीही लावू नये.

नवा, धडधाकट खूर खाण्यातून येतो. नुसत्या कडब्यावर आणि कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याला हिरवा लसूणघास मिळाला पाहिजे. जस्त, तांबे आणि बायोटिन हे जीवनसत्त्व यांची उणीव खुरात उतरते. मोठ्या घोड्याला दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम बायोटिन देतात, पण परिणाम दिसायला सहा ते नऊ महिने लागतात; कारण भिंत महिन्याला जेमतेम ८ ते १० मिलिमीटर वाढते आणि टोकापर्यंत पूर्ण नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष जाते.

म्हणूनच खूर हा घोड्याच्या सरत्या वर्षाचा हिशेब असतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत भरते. तिथे घोडा घेणारे रंग, केसांचे भोवरे, त्यातला शुभ मानला जाणारा देवमण बघतात. त्याआधी चारही पाय उचलून बघावेत. भिंतीवरचे आडवे वळ आजारपण, ताप किंवा चाऱ्यातला बदल सांगतात. वरच्या कडेपासून तीन ते सहा सेंटिमीटर खाली ठळक वळ असेल, तर जून ते सप्टेंबरमध्ये त्या जनावराला काय झाले होते, हे विकणाऱ्याला विचारावे.