परसातली भाजी, बाटलीतले आगळ आणि अन्न सुरक्षा कायदा

मे महिन्याच्या शेवटी आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, माड्यांवर (सुपारीच्या झाडांवर) बोर्डो मिश्रण मारण्याची घाई असते. एका पिंपात मोरचूद, दुसऱ्यात कळीचा चुना असे वेगवेगळे विरघळवून दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचे आणि कोयत्याचे घासलेले पाते त्या निळ्या पाण्यात बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजायचे. गोव्यात, आमच्या डिचोली तालुक्यातल्या धो धो पावसाआधी हे पाणी सुपारीच्या घोसांवर बसले नाही, तर आषाढात कोळे रोगाने कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडतो. यंदा हे काम चालू असताना फवारणीला आलेल्या गड्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. नव्या अन्न सुरक्षा कायद्याने परवान्याशिवाय घरची भाजी विकणे गुन्हा ठरणार, घरचे बियाणे ठेवणाऱ्याला दंड होणार आणि सेंद्रिय शेती हळूहळू बंद पडणार, असे त्या संदेशात ठासून लिहिले होते. त्याची बायको दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तांबडी भाजी आणि मुळा घेऊन बसते. ‘बाब, आता तिने बसायचे की नाही?’ एवढाच त्याचा प्रश्न होता.

हा संदेश वाचताना मला 2009 सालच्या अमेरिकेची आठवण झाली. त्या वर्षी रोझा डिलॉरो यांनी तिथल्या प्रतिनिधिगृहात एच.आर. 875 क्रमांकाचे अन्न सुरक्षा विधेयक मांडले आणि काही आठवड्यांतच, हे विधेयक सेंद्रिय शेती बेकायदेशीर ठरवणार, परसबागेतल्या टोमॅटोवरही सरकारी अधिकारी धाड घालणार, अशा ई-मेलचा पूर आला. विधेयकात तसे काहीही नव्हते आणि ते मतदानापर्यंत पोहोचलेही नाही. पुढे वेगळ्या विधेयकातून आलेला कायदा 4 जानेवारी 2011 रोजी अमलात आला, तेव्हा त्यात छोट्या शेतकऱ्यासाठी सवलत होती: ज्याची वार्षिक विक्री पाच लाख डॉलरपेक्षा कमी आहे आणि त्यातली निम्म्याहून अधिक थेट ग्राहकाला किंवा जवळपासच्या दुकानांना व उपाहारगृहांना होते, त्याला बहुतेक नियमांतून वगळले गेले. अफवेला अजिबात आधार नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. 2013 साली त्या कायद्याखालच्या नियमांचा जो मसुदा आला, त्यात कच्चे शेणखत घालणे आणि पीक काढणे यांमध्ये नऊ महिन्यांचे अंतर सुचवले होते, आणि ते पाळायचे तर शेणखतावर चालणाऱ्या शेतीचे वर्षाचे गणितच कोलमडले असते. शेतकऱ्यांनी मसुदा नीट वाचून हरकती घेतल्या आणि ती अट बाजूला ठेवली गेली. ई-मेल पुढे ढकलणाऱ्यांपेक्षा मसुदा वाचणाऱ्यांनी अधिक काम केले, असे माझे मत आहे.

आपल्याकडचा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 सालचा असून तो 5 ऑगस्ट 2011 पासून लागू आहे. म्हणजे संदेशातला ‘नवा कायदा’ चांगलाच जुना आहे. त्याच्या कलम 18 मध्ये शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामे आणि शेतावरच असलेले शेतकऱ्याचे उत्पादन यांना हा कायदा लागू नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. ‘प्राथमिक अन्न’ या संज्ञेची व्याख्या तर अधिक बोलकी आहे. शेतातून, बागेतून, गोठ्यातून किंवा पाण्यातून आलेला आणि नैसर्गिक रूपातला माल शेतकरी वा मच्छीमार सोडून इतर कोणाच्या हातात असेल, तेव्हाच तो कायद्याच्या दृष्टीने प्राथमिक अन्न होतो. काढणीपूर्वीचे उभे पीक तर ‘अन्न’ या व्याख्येतूनच वगळलेले आहे. पीक कसे काढले यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे, हे हा कायदा आधी पाहतो.

शुक्रवारच्या बाजारात हा फरक शेजारी शेजारी बसलेला दिसतो. आपल्या मळ्यातल्या भाजीच्या जुड्या पोत्यावर मांडून बसलेली बाई शेतकरी आहे. तिच्या बाजूला परराज्यातून आलेली कोबी-फ्लॉवरची पोती घाऊक दराने घेऊन विकणारा अन्न व्यावसायिक आहे आणि त्याने नोंदणी करायला हवी. छोटा उत्पादक, फेरीवाला, तात्पुरता गाळा मांडणारा यांना कलम 31 प्रमाणे परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. हीच भाजीवाली बाई उद्या रतांब्यांचे (कोकमाच्या फळांचे) आगळ बाटल्यांत भरून विकू लागली, तर तिचा तो धंदा नोंदणीत येतो, कारण मिठात मुरवून बाटलीबंद केलेले आगळ हे नैसर्गिक रूपातले फळ राहिलेले नसते. खोबरेल, लोणचे, काजूगर यांनाही हेच लागू पडते. बियाण्याची गोष्ट निराळीच आहे. तिचा अन्न सुरक्षा कायद्याशी संबंध नाही. 2001 सालच्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 नुसार शेतकरी आपले बियाणे ठेवू, पेरू, वाटू आणि विकूही शकतो. संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकण्याची तेवढी त्याला मुभा नाही. खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतले, कोरगुट भात पिढ्यान्‌पिढ्या अशाच घरच्या बियाण्यावर टिकून आहे.

कायदा सेंद्रिय शेतीकडे वळतो तो ‘सेंद्रिय’ या शब्दापाशी. हा शब्द वेष्टनावर छापायचा असेल, तर 2017 साली अधिसूचित झालेल्या आणि 1 जुलै 2018 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे दोनपैकी एका वाटेने प्रमाणीकरण लागते. एक वाट राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, ज्यात बाहेरची प्रमाणन संस्था येऊन तपासते. निर्यात करणाऱ्याला हीच धरावी लागते. दुसरी पीजीएस-इंडियाची. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो, आणि खेड्यात शेजाऱ्याच्या शेतात रात्री कसला पंप चालला हे शेजाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या, वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला या प्रमाणीकरणातून सूट आहे. प्रमाणित सेंद्रिय मालावरचे ‘जैविक भारत’चे चिन्ह मात्र त्याला वापरता येत नाही.

‘सेंद्रिय म्हणजे कसलीच फवारणी नाही’ हा समजही याच गर्दीतला. आमचे बोर्डो मिश्रण एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत जन्मले आणि त्यातले तांबे बुरशीच्या बीजाणूंना रुजू देत नाही. तांबे हे मूलद्रव्य आहे, ते कुजून नाहीसे होत नाही, वर्षानुवर्षे मातीत साठत जाते. म्हणूनच सेंद्रिय मानकांत ते चालते, परंतु निर्बंधासह. तसेच सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अंश शून्य असला पाहिजे, असेही नियम म्हणत नाहीत. साध्या मालाला जी कमाल मर्यादा आहे तिच्या पाच टक्के, किंवा यंत्राला खात्रीने मोजता येईल तेवढे किमान प्रमाण, यांपैकी जे अधिक असेल ते सेंद्रिय मालाला चालते. एखाद्या औषधाची मर्यादा किलोला 1 मिलिग्रॅम असेल, तर सेंद्रियासाठी ती 0.05 मिलिग्रॅम होते. शेजारच्या काजूच्या बागेतली फवारणी वाऱ्यावर येते, जुन्या औषधांचे अंश मातीत रेंगाळतात. याच कारणाने वर्षायू पिकांना पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि माड, माडी, मिरी अशा बहुवर्षायूंना पहिल्या प्रमाणित काढणीपूर्वी तीन वर्षे रूपांतराचा काळ धरलेला आहे.

या सगळ्या रासायनिक चर्चेत जिवाणू मागे पडतात, आणि मला खरी काळजी त्यांची वाटते. मे 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या ओ104 या प्रकाराने 3,800 हून अधिक लोक आजारी पडले आणि 50 हून अधिक दगावले. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी आधी स्पेनच्या काकड्यांवर बोट ठेवले आणि स्पॅनिश शेतकऱ्यांचा माल कुजून गेला. ती एक अफवाच होती, फक्त सरकारी शिक्क्याची. शेवटी माग लागला तो उत्तर जर्मनीतल्या एका सेंद्रिय शेतावर तयार झालेल्या मोडांचा, आणि संशय स्थिरावला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांवर. मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंनाही मानवते. ते शेत सेंद्रिय होते म्हणून हे घडले नाही. सेंद्रिय असल्यामुळे टळलेही नाही.

कच्च्या शेणात असे जिवाणू असू शकतात. खताचा ढीग नीट रचून वरखाली केला, तर आतल्या सूक्ष्मजीवांच्या कामाने तो 55 अंश सेल्सियसच्या वर तापतो, आणि अमेरिकी सेंद्रिय नियमांप्रमाणे ही उष्णता उघड्या ढिगात 15 दिवस टिकवून त्या काळात ढीग पाच वेळा उलटावा लागतो. कच्चे शेणखतच घालायचे, तर मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी काढणीपूर्वी 120 दिवसांचे अंतर त्याच नियमांत आहे. आपल्याकडचे जीवामृत ताज्या शेणाचे असते आणि पिंपात ते आंबते, पण तापत नाही. ते मुळाशी, मातीत घालणे वेगळे आणि उद्या कापायच्या भाजीच्या पानांवर शिंपडणे वेगळे.

गड्याला मी सांगितले की बायकोने खुशाल बसावे. आगळ विकायचे मनात असेल तर नोंदणी करू, मी येतो बरोबर. मग सहज विचारले की गुरुवारी संध्याकाळी जुड्या ताज्या राहाव्यात म्हणून त्या कुठल्या पाण्यात बुडवता. ‘गोठ्यामागच्या तळीत,’ तो म्हणाला आणि म्हणता म्हणता स्वतःच थबकला. त्या आठवड्यात त्याने विहिरीवरून एक नळी अंगणापर्यंत ओढली.