प्रादेशिक ग्रीडमधील कोळशाचे वीजकेंद्र

कोळसा जाळून वीज तयार करणारे औष्णिक केंद्र एखाद्या प्रदेशाच्या वीजजाळ्यात, म्हणजे ग्रीडमध्ये, अनेक कामे करते. वीज पुरवणे हे त्यांतले सर्वांत ठळक. वारंवारता (प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने) सावरणे, व्होल्टेज टिकवणे, बिघाडाच्या वेळी संरक्षक रिलेंना, म्हणजे बिघाड ओळखून तो भाग तोडणाऱ्या उपकरणांना, ओळखता येईल एवढा प्रवाह पुरवणे ही कामे वीजबिलात दिसत नाहीत. केंद्र बंद करण्याची चर्चा सुरू झाली की बहुधा तीच विसरली जातात.

ग्रीडमध्ये मागणी आणि निर्मिती यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. तो चुकला की आधी वारंवारता हलते. ५० हर्ट्‌झच्या ग्रीडवर दोन ध्रुवांचे टर्बोजनित्र (वाफेच्या टर्बाइनने फिरणारे जनित्र) मिनिटाला ३,००० फेरे घेते आणि जोडलेली सारी जनित्रे एकाच तालात फिरतात. ५०० मेगावॅटचा एखादा संच (टर्बाइन-जनित्राची जोडी) अचानक ट्रिप झाला, म्हणजे ग्रीडपासून तुटला, तर उरलेल्या संचांचे अजस्र फिरते भाग आपली गतिज ऊर्जा ग्रीडला देतात व स्वतः किंचित मंदावतात. त्यासाठी कोणाची आज्ञा लागत नाही. हेच जडत्व. मोठ्या टर्बोजनित्रातली ही ऊर्जा पूर्ण भार साधारण तीन ते सहा सेकंदच पेलू शकेल. पण तेवढ्याने घसरणीचा वेग कमी होतो आणि गव्हर्नरला, म्हणजे टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकाला, वाफेची झडप अधिक उघडायला अवधी मिळतो. झडपा आधीच सताड उघड्या असलेला संच मात्र ही पुढची मदत करू शकत नाही. म्हणून थोडी क्षमता राखून चालणे हा अपव्यय मानू नये.

जनित्राची उत्तेजन प्रणाली, म्हणजे त्याच्या चुंबकाला प्रवाह पुरवणारी यंत्रणा, रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी शक्ती) कमीजास्त करून आसपासचे व्होल्टेज सांभाळते. ही शक्ती दूर वाहून नेता येत नाही, त्यामुळे केंद्र कोठे आहे यालाही महत्त्व असते.

एक मोठी उणीव मात्र आहे. पाणीपंप, पंखे आणि कोळसा दळणाऱ्या गिरण्या चालवायलाच बरीच वीज लागते, त्यामुळे अंधारात बुडालेल्या ग्रीडवर असे केंद्र सहसा स्वतःहून उभे राहू शकत नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी भारतातील ग्रीड कोसळले, तेव्हा औष्णिक केंद्रांना सुरुवातीची वीज जलविद्युत केंद्रांकडून व शेजारच्या चालू ग्रीडमधून द्यावी लागली.

अखंड, जवळपास एकसारख्या भारावर चालणे ही या केंद्रांची जुनी भूमिका. सौरऊर्जा वाढली तशी ती बदलली: दुपारी भार उतरवायचा, सूर्य मावळताना झपाट्याने चढवायचा. भारताच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी संच टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरवता यावेत अशी अपेक्षा ठेवली. इतक्या कमी भारावर भट्टीतील ज्योत अस्थिर होते, कार्यक्षमता घटते, आणि तापमानाच्या चढउतारांनी जाड भिंतींच्या धातूला तडे जाऊ लागतात. थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात.

दर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडणारी ही केंद्रे मागे पडणे आवश्यकच आहे. ब्रिटनमधले शेवटचे, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. मात्र त्यांची न दिसणारी कामे आधी दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाचे नॉर्दर्न केंद्र मे २०१६ मध्ये बंद झाले आणि २८ सप्टेंबरला सारे राज्य अंधारले. वादळाने मनोरे पाडले आणि पवनचक्क्यांच्या संरक्षण-मांडणीने त्यांची निर्मिती अचानक घटवली, ही त्याची कारणे. दोष केवळ कोळसा बंद करण्याला देणे चूक ठरेल. त्यानंतर तेथे ठरावीक संख्येने वायू-संच सतत चालू ठेवण्याचे बंधन आले. २०२१ मध्ये फ्लायव्हील (जड फिरते चाक) जोडलेले चार सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे इंधन न जाळता ग्रीडच्या तालात फिरणारी यंत्रे, बसले, तेव्हा ते बंधन बरेच सैल करता आले.