ड्रायव्हर आहे, पण कर्नल म्हणतो चावी नाही

लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक अवतार) टाकलं, सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना विश्वासू सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालूच ठेवलं आणि व्हर्च्युअलबॉक्स नाहीतर एन्व्हिडियाचा ड्रायव्हर बसवायला घेतला की बऱ्याच जणांना हा मेसेज भेटतो: 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल'. मग कोणीतरी सांगतं, सिक्युअर बूट बंद करून टाक, आणि लोक टाकतातही.

ड्रायव्हर म्हणजे कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) मॉड्यूल, नंतर जोडायचा तुकडा, एकदा आत शिरलं की अख्खी मेमरी त्याला मोकळी, म्हणून डिसेंबर २०१२ च्या ३.७ व्हर्जनपासून लिनक्समध्ये मॉड्यूलवर सही असण्याची सोय आली. कर्नल बिल्ड करताना चाव्यांची जोडी बनते, खासगी चावीने प्रत्येक मॉड्यूलवर सही होते (ती फाइलच्या अगदी शेवटी चिकटवलेली असते) आणि सार्वजनिक चावी थेट कर्नलच्या पोटात जाते.

आता गंमत बघा, कर्नल सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात ठेवत नाही. बिल्टइन नावाच्या कीरिंगमध्ये, म्हणजे जुडग्यात, बिल्डच्या वेळच्याच चाव्या, नंतर एकही घालता येत नाही. सेकंडरीमध्ये चालू मशीनवर घालता येते, पण त्या नव्या चावीवर आधीच्याच एखाद्या विश्वासू चावीची सही हवी, तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, असलात तरी! फर्मवेअरकडून (मशीनमध्येच बसवलेलं, सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) येणाऱ्या, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वगैरेंच्या चाव्या प्लॅटफॉर्म नावाच्या वेगळ्या कीरिंगमध्ये जातात, त्या मुख्यतः केएक्सेकने, म्हणजे चालू कर्नलमधूनच थेट, दुसरा कर्नल चढवताना तपासायला. मला हे एकदम पटतं, बूटलोडरला (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला) ओके म्हणणाऱ्याने तुमच्या ड्रायव्हरलाही ओके म्हणावं असं थोडंच आहे.

मग मालकाचं काय? त्याच्यासाठी मॉक, म्हणजे मशीन ओनर की. २०२२ च्या ५.१८ पासून या चाव्यांना कर्नलमध्ये मशीन नावाची स्वतःची कीरिंगही मिळाली. मॉकयुटिल नावाच्या कमांडने चावी नोंदवायला सांगायची, एकदाच लागणारा पासवर्ड द्यायचा, रीबूट करायचं, आणि मग तोच पासवर्ड टाकून चावी मंजूर करायची ती निळी स्क्रीन येते, जी काही सेकंदच थांबते आणि घाईत हमखास सुटते. वैताग येतो खरा, पण रूट मिळवलेला व्हायरस अर्ज टाकू शकतो, बूट होताना कीबोर्डवर येऊन बसू शकत नाही ना.

एक भोक मात्र राहतंच. ड्रायव्हर दर अपडेटला आपोआप साइन व्हावा म्हणून उबुंटू मॉकची खासगी चावी त्याच डिस्कवर ठेवतं, रूटला वाचता येईल अशी. म्हणजे रूट चोराच्या हाती गेला की त्याला मॉड्यूलवर सहीही करता आली. निदान ती चावी फक्त मॉड्यूलसाठी अशी खूण सर्टिफिकेटमध्येच असते, तिने सही केलेला कर्नल बूट होत नाही.