ट्रेडमिलवरून नोंदवहीकडे : मानवी कार्यक्षमतेच्या उन्हाळी संशोधनाची पार्श्वभूमी

श्रम, ऊन आणि उंची यांचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतील पदवीचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत आठ-दहा आठवडे विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत काम करतात आणि त्याबद्दल त्यांना विद्यावेतनही मिळते. आज ही सोय रुळलेली असली, तरी या शास्त्राच्या सुरुवातीच्या काळात विद्यार्थी भेटतो तो मुख्यतः ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या व्यक्तीच्या रूपात.

या शास्त्राची पायाभरणी मोठ्या प्रमाणात हार्वर्डच्या 'फटीग लॅबोरेटरी'त, म्हणजे थकव्याच्या प्रयोगशाळेत, झाली. लॉरेन्स हेंडरसन यांच्या पुढाकाराने 1927 मध्ये तेथील बिझनेस स्कूलच्या मॉर्गन हॉलच्या तळघरात ही प्रयोगशाळा सुरू झाली आणि डेव्हिड ब्रूस डिल यांनी तिचे काम पुढे नेले. उद्योगातला कामगार थकतो म्हणजे नेमके काय होते, हा तिचा मूळ प्रश्न होता. 1931 च्या उन्हाळ्यात हूवर धरणाच्या बांधकामावर उष्णतेने कामगार दगावले होते. पुढच्याच उन्हाळ्यात या प्रयोगशाळेची तुकडी नेवाडाच्या वाळवंटातील, धरणाजवळच्या बोल्डर सिटीत मुक्कामाला गेली. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते आणि ते भरून निघाले नाही, तर नुसते पाणी पिऊन भागत नाही, हे तेथील तपासण्यांनी ठळक केले. उन्हाळा ही या शास्त्राच्या दृष्टीने केवळ सुटी नव्हती, तर अभ्यासाची सामग्रीच होती, हे मला येथे महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांत शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आजही केली जाणारी 'हार्वर्ड स्टेप टेस्ट' याच प्रयोगशाळेची देणगी आहे. ल्युसिएन ब्रूआ यांनी 1943 मध्ये मांडलेल्या या चाचणीत 20 इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला 30 वेळा, जास्तीत जास्त पाच मिनिटे चढउतार करायची आणि थांबल्यावर पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या मिनिटानंतर प्रत्येकी अर्धा मिनिट नाडी मोजायची. पूर्ण 300 सेकंद टिकलेल्या मुलाची नाडी अनुक्रमे 70, 60 आणि 50 भरली, तर सेकंदांना 100 ने गुणून आलेल्या संख्येला या तिन्हींच्या बेरजेच्या दुपटीने भागायचे. उत्तर सुमारे 83 येते, म्हणजे क्षमता चांगली. एवढ्या साध्या साधनांत बसणारा प्रयोग पदवीचा विद्यार्थी स्वतःच्या हाताने करू शकतो.

1947 मध्ये ही प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा हार्वर्डच्या अध्यक्षपदी जेम्स कोनंट होते. शिक्षकांच्या शिक्षणावर 1963 मध्ये लिहिताना, या शास्त्राशी जोडलेल्या शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यासक्रम विद्यापीठांनी बंद करावेत, असे त्यांनीच सुचवले. बर्कलीचे फ्रँकलिन हेन्री यांनी 1964 मध्ये शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा कशी ठरते, याची मांडणी केली. पुढील दशकांत अनेक विभागांनी कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचे शास्त्र) किंवा व्यायामविज्ञान अशी नावे घेतली आणि खेळाच्या मैदानाइतकेच प्रयोगशाळेलाही महत्त्व आले.

विद्यार्थ्यांसाठी पैशाची वाट मात्र वेगळ्या कारणाने खुली झाली. 1957 मध्ये रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेल्यावर अमेरिकेने विज्ञानशिक्षणावर भर दिला आणि राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात सामावून घेणारी योजना आणली. 1980 च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. 1987 पासून तिच्या जागी आजची 'रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स' योजना आली. या योजनेचे विद्यावेतन अमेरिकेचे नागरिक किंवा कायमचे रहिवासी यांनाच मिळते. त्यामुळे पुण्या-मुंबईहून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना प्राध्यापकाच्या स्वतःच्या अनुदानातून किंवा विद्यापीठाच्या निधीतून वाट काढावी लागते. भारतात एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यावेतन योजना 1979 पासून आहे.

माणसावरील संशोधनाला नैतिक समित्यांचा लगाम घालणारा अमेरिकेचा कायदा 1974 चा. त्यानंतरच्या व्यवस्थेमुळे उन्हाळ्यासाठी आलेला विद्यार्थी आधी प्रशिक्षण घेतो, प्रयोगात भाग घेणाऱ्याला संमतिपत्र नीट समजावून सांगतो आणि त्याला प्रयोग कधीही थांबवता येतो हेही सांगतो. मगच श्वास मोजण्याचा मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर बसवतो.