नायजेरिया १९९९: दोनदा गेलेलं यजमानपद

एप्रिल १९९९मध्ये नायजेरियातल्या आठ शहरांत २४ देशांच्या २० वर्षांखालील युवा संघांची जागतिक स्पर्धा झाली. सहाराच्या दक्षिणेला फुटबॉलची जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच आली होती. पण नायजेरियाला हे यजमानपद मिळण्याची ती तिसरी खेप होती. १९९१ची स्पर्धा देऊन काढून घेतली गेली, १९९५चीही तशीच गेली. हे दोन निर्णय आजही एकाच दमात सांगितले जातात, आणि तिथेच घोळ होतो.

युवा स्पर्धेची सुरुवातच आफ्रिकेत झाली होती. १९७७ साली ट्युनिशियात १६ संघ खेळले आणि सोव्हिएत संघाने मेक्सिकोला पेनल्टींवर हरवलं. नायजेरियाचा दबदबा पुढच्या दशकातला. १९८५मध्ये चीनमध्ये १६ वर्षांखालील गटाचं जगज्जेतेपद, दोन वर्षांनी कॅनडात उपविजेतेपद. फेब्रुवारी १९८९मध्ये सौदी अरेबियातल्या दम्मामला उपांत्यपूर्व सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध ०-४ अशा पिछाडीवरून ४-४ बरोबरी आणि पेनल्टींवर विजय. अंतिम सामन्यात पोर्तुगालने त्यांना हरवलं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते दम्माम.

त्याच वर्षी नायजेरियावर फिफाची बंदी आली. दोन वर्षं सगळ्या वयोगट स्पर्धांतून बाहेर, वर १९९१चं यजमानपदही रद्द. याचं वर्णन ‘ऑलिंपिकमध्ये जास्त वयाचे खेळाडू उतरवले म्हणून’ असं वारंवार छापून येतं, आणि ते चूक आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये फुटबॉलला वयाची अटच नव्हती, २३ वर्षांची मर्यादा १९९२पासून आली. घडलं ते असं: सोलसाठी तीन खेळाडूंच्या ज्या जन्मतारखा दिल्या गेल्या, त्या त्यांच्याच आधीच्या स्पर्धांतल्या तारखांशी जुळल्या नाहीत. दोन कागद, एकच माणूस, वेगळी वयं. दोन्ही खरे असणं शक्य नव्हतं, त्यामुळे कारवाई होणारच होती.

‘आफ्रिकेलाच वेगळा न्याय’ ही तक्रारही पूर्ण टिकत नाही. १९८८मध्ये मेक्सिकोलाही वयाच्याच प्रकरणात दोन वर्षांची बंदी झाली होती, तीही सगळ्या संघांवर. त्यात १९९०चा विश्वचषक गेला. माझा आक्षेप यजमानपदाबद्दलचा आहे. कागद भरणारे अधिकारी थोडे, खेळाडू तीन, आणि शिक्षा मात्र गावोगावच्या प्रेक्षकांना. शिवाय हे खेळाडू साधारण साठच्या दशकाच्या शेवटी जन्मलेल्या पिढीतले. तो १९६७ ते १९७० या यादवी युद्धाचा काळ, आणि जन्मनोंदणी सक्तीची करणारा देशव्यापी कायदा तेव्हा आलेलाच नव्हता. फसवणूक त्याने माफ होत नाही, पण ‘वयचोरी’ या एका शब्दात लबाडी, निष्काळजीपणा आणि नसलेली नोंद हे तिन्ही कोंबले जातात. ‘२० वर्षांखालील’ हा शब्दही असाच फसवा आहे. १९९९साठी अट होती १ जानेवारी १९७९ किंवा त्यानंतरच्या जन्माची. म्हणजे त्या जानेवारीत जन्मलेला मुलगा एप्रिलमध्ये विशी पूर्ण करूनही नियमात बसत होता.

१९९५चा निर्णय वयाशी संबंधित नव्हता. स्पर्धा जवळ आलेली असताना साथीच्या रोगांचं कारण देऊन ती कतारला हलवली गेली आणि दोहा या एकाच शहरात पार पडली. तेव्हा नायजेरियात लष्करी राजवट होती, १९९३च्या निवडणुकीचा निकाल रद्द झालेला होता आणि देश जगात एकटा पडत चालला होता. त्यामुळे आरोग्याच्या कारणामागे राजकारण असल्याचा संशय घेतला गेला, तर त्यात नवल नाही.

जून १९९८मध्ये लष्करशहाचा मृत्यू झाला. फेब्रुवारी १९९९मध्ये अध्यक्षीय निवडणूक झाली, २९ मे रोजी नागरी सरकार सत्तेवर आलं. स्पर्धा बरोबर या दोहोंच्या मधल्या काळात, ३ ते २४ एप्रिलला झाली. लागोस, इबादान, एनुगु, पोर्ट हारकोर्ट, कालाबार, कडुना, कानो, बाउची: उत्तर-दक्षिण दोन्हीकडची शहरं त्यात होती, ही गोष्ट त्या देशात लहान नव्हे. यजमान मालीकडून १-३ असे उपांत्यपूर्व फेरीतच हरले. मालीला उपांत्य फेरीत स्पेनने ३-१ हरवलं. (२०१७मध्ये नवी मुंबईत १७ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य लढत ज्यांनी पाहिली, त्यांना हेच दोन संघ आणि हाच निकाल आठवेल.) लागोसच्या अंतिम सामन्यात स्पेनने जपानवर चार गोल केले, आणि त्या संघातला एक बचावपटू, एक मध्यरक्षक व एक राखीव गोलरक्षक पुढे २०१०चे विश्वविजेते झाले.

कागदाचा प्रश्न सुटायला आणखी दहा वर्षं लागली. २००९मध्ये नायजेरियाकडे १७ वर्षांखालील स्पर्धेचं यजमानपद आलं आणि विश्वचषकात मनगटाच्या एमआरआय तपासणीची सुरुवात तिथेच झाली. त्या वयात मनगटाजवळच्या हाडाची वाढपट्टी (हाड जिथून वाढतं तो भाग) सहसा पूर्ण मिटलेली नसते, मिटलेली दिसली तर वयाची शंका येते. विशीच्या गटाला ही चाचणी उपयोगी नाही, कारण तोवर ती पट्टी बहुतेकांची मिटलेलीच असते. यजमानांनी स्पर्धेआधी स्वतःचेच अनेक खेळाडू वगळले. उरलेल्या संघाने अबुजातल्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली आणि स्वित्झर्लंडकडून ०-१ हार पत्करली.