हिमनदीच्या तोंडाशी पक्षी का जमतात?

स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या द्वीपसमूहाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोंग्सफ्योर्ड आहे. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली खोल खाडी. उत्तर अक्षांश जवळजवळ 79 अंश. जुलै-ऑगस्टमध्ये आइसलँड किंवा नॉर्वेहून निघालेली छोटी मोहीम-जहाजं इथे येऊन थांबतात. समोर क्रोनेब्रेन हिमनदीची निळसर भिंत उभी असते आणि डेकवरच्या सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळलेल्या असतात, आता एखादा कडा कोसळेल म्हणून. त्या भिंतीच्या पायथ्याशी पाण्यात एक गढूळ, तपकिरी अर्धवर्तुळ दिसतं. त्याच्यावर किटीवेक पक्ष्यांचा नुसता कालवा चाललेला असतो. किटीवेक म्हणजे आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या कुरवांचे नातलग. अख्खा फ्योर्ड मोकळा असताना हे सगळे त्या एवढ्याशा गढूळ पाण्यावरच का तुटून पडतात?

उत्तर पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवरचा बर्फ वितळतो. ते पाणी भेगांमधून आणि विवरांमधून थेट तळाच्या खडकापर्यंत उतरतं, हिमनदीच्या पोटातल्या बोगद्यांमधून वाहतं आणि समुद्राच्या पृष्ठभागाखाली बरंच खोल बाहेर पडतं. हे पाणी गोडं, भोवतालचं खारं. खारं पाणी जड असतं, त्यामुळे गोडं पाणी सुटल्यासुटल्या वर धाव घेतं. एकटं येत नाही. स्वतःच्या कितीतरी पट खोलातलं पाणी सोबत ओढून आणतं. त्यात क्षार असतात, आणि असतात ते सूक्ष्म प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यासोबत वाहणारे बारीक जीव, आणि कोळंबीसारखे दिसणारे क्रिल. गोड्या पाण्याच्या अचानक धक्क्याने हे जीव बधिर होतात असं मानलं जातं. किटीवेकला खोल बुडी मारता येत नाही. त्याचं जेवण इथे आपोआप वर येतं. सील आणि पांढरे बेलुगा देवमासेही याच कारणासाठी हिमनदीच्या तोंडाशी घुटमळतात.

हे सगळं चालतं ते हिमनदीचं तोंड समुद्रात बुडलेलं आहे म्हणून. ती मागे सरकत जमिनीवर गेली, की तिचं पाणी ओढ्यासारखं वरून येऊन मिळतं आणि हलकं असल्यामुळे वरच्यावर पसरतं. खोलातलं काही वर उचललं जात नाही.

या सफरींच्या माहितीपत्रकांत फ्योर्ड, ज्वालामुखी आणि ध्रुवीय प्राणी अशी तीन आकर्षणं शेजारीशेजारी मांडलेली असतात. मला ती मांडणी पटत नाही. पक्षी कुठे जेवतो ते हिमनदी ठरवते, तो कुठे अंडं घालतो ते कधीकाळी थिजलेला लाव्हा ठरवतो, आणि या दोघांच्या मधे फ्योर्डचा तळ असतो.

तर आधी तो तळ. कोकणातली खाडी आपल्या ओळखीची आहे. नदीने दरी कोरली आणि समुद्राची पातळी वाढल्यावर ती बुडाली. नदी समुद्रसपाटीच्या फार खाली कोरू शकत नाही, पण हिमनदीला ती अट नाही. शेकडो मीटर जाडीचा बर्फ, त्याच्या बुडाशी अडकलेले दगड, आणि हजारो वर्षांची घसट. नॉर्वेतला सोग्नेफ्योर्ड 205 किलोमीटर लांब आणि 1,300 मीटरहून अधिक खोल आहे. गंमत अशी की तोंडाशी तो खूपच उथळ होतो. समुद्राजवळ येताना बर्फ पसरतो, पातळ होतो आणि त्याची कोरण्याची ताकद सरते. शिवाय आणलेला दगडगोटा, म्हणजे हिमोढ, हिमनदी बऱ्याचदा तिथेच टाकते. त्यामुळे बहुतेक फ्योर्डांच्या दारात पाण्याखाली एक उंबरठा असतो. हा उंबरठा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फ्योर्डच्या उभ्या भिंतींना बर्फाचाही टेकू असतो. तो सुटला की काय होतं हे 16 सप्टेंबर 2023 रोजी पूर्व ग्रीनलँडमधल्या डिक्सन फ्योर्डमध्ये दिसलं. पायथ्याची हिमनदी पातळ झाल्याने आधार गेला आणि डोंगराचा अंदाजे अडीच कोटी घनमीटर भाग खाली आला. समोर उसळलेली लाट 200 मीटर उंचीपर्यंत चढली. नंतर ते पाणी हलवलेल्या परातीतल्या पाण्यासारखं अरुंद फ्योर्डच्या या काठाकडून त्या काठाकडे हिंदकळत राहिलं, दर दीड मिनिटाला एक हेलकावा, तब्बल नऊ दिवस. जगभरच्या भूकंपमापकांवर ही संथ, एकसुरी नोंद उमटत होती आणि ती कशाची हे कुणालाच कळेना. पंधरा देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून कोडं सोडवलं आणि 2024 मध्ये ते प्रसिद्ध केलं. डेन्मार्कच्या नौदलाचं एक जहाज तीन दिवसांनी त्याच फ्योर्डमध्ये जाऊन आलं होतं. त्यांना पाण्यात काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. पर्यटकांची जहाजंही या भागात फिरतात. त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं, हे नशीब.

आता आग. अशा बऱ्याच सफरी आइसलँडहून निघतात, आणि तिथला पूर्व किंवा वायव्य किनारा मराठी माणसाला क्षणभर चकवेल. सपाट माथे, पायऱ्यापायऱ्यांचे कडे, काळा कातळ. सह्याद्रीवरची झाडी काढून टाकली तर साधारण असंच दिसेल. साम्य नुसतं दिसण्यापुरतं नाही. दोन्हीकडे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि बेसाल्टचा डोंगर चढत गेला. आपले थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आइसलँडच्या जमिनीवरचा सर्वांत जुना खडक जेमतेम दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, आणि तिथलं काम अजून चालू आहे. पुणे-जळगावकडच्या खाणींतून निघणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक पूर्व आइसलँडच्या खडकांतही मिळतात. थिजलेल्या लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत कोमट पाणी झिरपलं की ते तयार होतात.

आइसलँड जिच्यावर बसलं आहे ती मध्य-अटलांटिक पर्वतरांग समुद्राखालून उत्तरेकडे जाते. दोन्ही बाजूंचे भूपट्ट तिथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर दूर सरकतात. याच रांगेच्या कडेला यान मायेन नावाचं नॉर्वेचं एकाकी बेट आहे. हवामान केंद्र आणि लष्करी तळावरची मोजकी माणसं सोडली तर तिथे कुणी राहत नाही. बेटावर 2,277 मीटर उंचीचा बेरेनबर्ग उभा आहे. समुद्रसपाटीच्या वर डोकं काढलेला हा जगातला सर्वांत उत्तरेकडचा जागृत ज्वालामुखी. 1970 आणि 1985 मध्ये त्याचा उद्रेक झाला. त्याच्या मुखातच बर्फ साचतो आणि तिथून वेप्रेख्त हिमनदी थेट समुद्रात उतरते. हा डोंगर बहुतेक वेळा ढगात असतो. ज्यांना तो अख्खा दिसतो ते भाग्यवान.

यान मायेन सोडून जहाज स्वालबार्डकडे निघतं. दोन-अडीच दिवस नुसतं पाणी, आणि बरेच प्रवासी या वेळेत झोप काढतात. मला विचाराल तर सफरीतला सर्वांत थरारक भाग हाच, फक्त तो दिसत नाही. खाली तीच पर्वतरांग चालू असते. 2008 मध्ये तिथे सुमारे 2,300 मीटर खोलीवर गरम पाण्याच्या धुराड्यांचं एक ठिकाण सापडलं. पाण्याचं तापमान 300 अंशांच्या वर. त्याचं नाव ठेवलं ‘लोकीचा किल्ला’. लोकी हा नॉर्स पुराणातला खोडकर देव. त्याच्या जवळच्या गाळात एका सूक्ष्मजीवाचा डीएनए मिळाला आणि 2015 मध्ये त्याची ओळख जाहीर झाली. केंद्रक असलेल्या पेशींची, म्हणजे झाडं, बुरशी, प्राणी आणि आपण यांच्या पेशींची, सर्वांत जवळची मानली जाणारी सूक्ष्मजीवांची शाखा या शोधाने उजेडात आली. जहाजाखाली तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर आपल्या पूर्वजांचे भाऊबंद चिखलात नांदत असतात.

स्वालबार्डवरची आग विझल्यासारखी वाटते, पण पूर्ण नाही. उत्तरेच्या बॉकफ्योर्डमध्ये स्वेरेफ्येलेट हा जुना ज्वालामुखी आहे आणि त्याच्या आसपास कोमट झरे आहेत. तिथल्या खडकातले कार्बोनेटचे कण मंगळावरून आलेल्या एका अशनीतल्या कणांशी इतके जुळतात की ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरसाठीच्या उपकरणांची चाचणी नासाने स्वालबार्डवर घेतली.

पूर्वेला हिनलोपेन सामुद्रधुनीत अल्केफ्येलेटचे कडे आहेत. डायनासोरांच्या काळात लाव्हारस गाळाच्या थरांत घुसला आणि आतच थिजला. आकसताना त्याला उभ्या भेगा पडल्या आणि खांबांची रांग तयार झाली. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर असेच खांब दिसतात. अल्केफ्येलेटच्या खांबांचे तुटके माथे म्हणजे असंख्य अरुंद फळ्या. त्यांवर ब्रुनिशच्या गिलेमॉट पक्ष्यांच्या हजारो जोड्या दाटीवाटीने बसतात. घरटं नाही, उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. कोल्ह्याला या कड्यावर चढता येत नाही. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं, की पंख धड फुटलेले नसले तरी ते कड्यावरून उडी टाकतं. बाप त्याच्यासोबत झेपावतो. दोघं पाण्यावर उतरतात आणि पोहत खुल्या समुद्राकडे निघतात. पुढचे काही आठवडे बापच त्याला भरवतो. ऑगस्टच्या सुरुवातीला कड्याखाली होडी थांबवली तर हा उड्यांचा पाऊस पाहायला मिळतो, आणि खाली टपलेले मोठे कुरवही.

परत कोंग्सफ्योर्डकडे. इथल्या नी-ऑलेसुंड या संशोधन-वस्तीत 2008 पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. स्वालबार्डचा करार 1920 मध्ये पॅरिसला झाला तेव्हा ब्रिटिश अमलाखालच्या भारताचीही त्यावर सही होती. 2014 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी कोंग्सफ्योर्डच्या पाण्यात सुमारे 192 मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ ही वेधशाळा नांगरली. तापमान आणि क्षारता ती वर्षभर, काळोख्या हिवाळ्यातही, मोजत राहते.

इथे त्या उंबरठ्याची गोष्ट पुरी होते. कोंग्सफ्योर्डला तो जवळजवळ नाहीच. एक खोल चर थेट बाहेरच्या समुद्रापर्यंत जातो. अटलांटिककडून येणारा कोमट प्रवाह किनाऱ्याजवळून वाहतो आणि त्याला आत शिरायला दार उघडं आहे. 2006 च्या हिवाळ्यापासून हा फ्योर्ड पूर्वीसारखा गोठत नाही. कोमट पाण्यासोबत अटलांटिकचे प्राणिप्लवक येतात. ते थंड पाण्यातल्या त्यांच्या भाऊबंदांपेक्षा लहान, आणि त्यांच्या अंगात चरबी फारच कमी. छोटा ऑक हा मुठीत मावेल असा पक्षी गळ्याच्या पिशवीत हे प्लवक भरून पिल्लाकडे नेतो. रोडावलेल्या प्लवकांनी पिल्लाचं पोट भरायचं तर त्याला चरबीदार शिकार शोधत लांबच्या खेपा कराव्या लागतात.

हेच कोमट पाणी हिमनदीचं तोंडही खालून कुरतडतं. फ्योर्डच्या उत्तरेला ब्लोमस्ट्रांडहाल्वोया नावाचा भूभाग आहे. ‘हाल्वोया’ म्हणजे द्वीपकल्प. नाव पडलं तेव्हा तो बर्फाने मुख्य भूमीला जोडलेला होता. 1990 च्या दशकात हिमनदी मागे सरकली, मधे पाणी दिसू लागलं आणि कळलं की हे बेट आहे. नकाशावर नाव मात्र द्वीपकल्पाचंच राहिलं.

2025 पासून स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहणं बंधनकारक आहे. मार्च ते जूनमध्ये 500 मीटर. संरक्षित क्षेत्रात 200 हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही. हे नियम मला योग्य वाटतात. जाणार असाल तर दुर्बीण घ्या, चांगल्यातली. आणि जहाज क्रोनेब्रेनसमोर थांबलं की ती भिंतीच्या माथ्यावरून खाली आणा, जिथे पाणी तपकिरी आहे तिथे.